पाचटाची सावली

कुणाच्याही घरी गेलो की माझा तळहात आपोआप भिंतीवर जातो. पावणा चहाला आलाय की भिंत चाचपायला, असं घरच्यांना वाटत असणार. बायको तर सरळ सांगते, "लोकांच्या घरात हात खिशात ठेवत जा." पण वीस वर्षांची सवय आहे. भिंत किती तापली, कुठल्या बाजूनं तापली, छत रात्री किती वाजेपर्यंत ऊन ओकणार, हे तळहाताला कळतं. माझा धंदाच तो होता. उन्हाळ्यात घर गार ठेवायचं आणि थंडीत उबदार, आणि तेही कमी लाकूड, कमी वीज जाळून.

मी आंबेगाव तालुक्यातला, डिंभ्याच्या कालव्याकाठच्या बौद्धवस्तीतला. आमच्या घरातच काय, वस्तीतही पदवी घेतलेला पहिला माणूस मी. बीएस्सी, पदार्थविज्ञान. हे मी अभिमानानं लिहितो, कारण ते शिक्षण सायकलवर, भाकरी बांधून नेऊन झालं आहे. नव्वदच्या दशकात एका स्वयंसेवी संस्थेत लागलो. संस्था बंद झाली तेव्हा मंचरला एक गाळा घेऊन तेच काम स्वतःच्या जबाबदारीवर करू लागलो. गळ्यात दोरी घालून तापमापक अडकवलेला असायचा, म्हणून लोक मला विलास न म्हणता 'थर्मामीटर' म्हणायचे. "थर्मामीटर आला, पंखे बंद करा रं," अशी चेष्टा व्हायची.

कामाचं गुपित काही मोठं नाही. घरात ऊन येतं ते मुख्यतः छतातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. पत्रा लवकर तापतो, लवकर निवतो. सिमेंटच्या स्लॅबचं तसं नाही. ती दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर खाली सोडते. गॅस बंद केला तरी तवा चटका देतो ना, तसं. पंखा गारवा देत नाही, आहे ती हवाच ढवळतो. म्हणून खाली पंखे लावत बसण्यापेक्षा वर सावली करावी. ऊन स्लॅबला लागायच्या आधीच अडवलं की अर्धं काम झालं. एवढंच मी वीस वर्षं सांगत फिरलो.

सगळीकडे ऐकून घेतलं जायचं असं नाही. तिकडे घाटमाथ्यावर आहुप्याला ठमाबाई नावाची म्हातारी होती. आम्ही चुलीला धुराडं बसवलं, तर पावसाळ्यात तिनं त्यात चिंध्या कोंबल्या. का, तर धूर गेला तशी घरातली ऊबही गेली आणि भाताचं बी वाळेना. मला म्हणाली, "तुझ्या डिग्रीवर वाळवू का बी?" मग तिथंच बसून आम्ही दोघांनी धुराड्याच्या नळाभोवती बांबूची मांडणी बांधली, कुडाच्या फटी शेणमातीनं लिंपल्या. नळाच्या धगीवर बी वाळलं, ऊब आत राहिली, मोळ्याही कमी लागू लागल्या. जाताना म्हणाली, "शिकलेला असूनबी कामाचा निघालास." हे प्रशस्तिपत्रक मी अजून जपलं आहे.

आणि जुन्नरला एक व्यापारी. वरच्या मजल्यावर नुसता पत्रा, पश्चिमेला तीन खिडक्या, आणि त्याला तिथं एसी बसवायचा होता. मी म्हटलं, शेठ, हे चाळणीत पाणी ओतायचं काम आहे. आधी पत्र्याखाली छत करा, खिडक्यांना बाहेरून बांबूचे तट्टे लावा, मग एसी लागणारच नाही. त्यानं मला शांतपणे समजावलं, "मास्तर, गार व्हायला कोण घेतंय? मेव्हण्याच्या घरी हाय म्हणून घेतोय."

तेव्हा मी हसलो होतो. घर राहायला असतं तितकंच दाखवायलाही असतं, हे मी विनोद म्हणून सांगत सुटलो. पुढं भिवाजीआबांच्या घरी ते हसण्यावारी नेता येईना.

भिवाजीआबा आमच्याच वस्तीतले. पुण्यात कारखान्यात नोकरी करून गावी परतले आणि आलेल्या सगळ्या पैशात घर बांधलं. वस्तीतली पहिली स्लॅब. ती ज्या दिवशी ओतली त्या दिवशी सगळी वस्ती घमेली घेऊन रांगेत उभी होती, मीही होतो. आमच्या सगळ्यांची घरं तोवर पाचटाची. आता पाचट म्हणजे काय ते सांगतो. ऊस तोडला की त्याची वाळकी पानं रानात उरतात, ते पाचट. शेतकरी ते पेटवून देतात. आमचे बापजादे ते मागून आणायचे आणि घरावर घालायचे. त्याखाली मी अभ्यास केला आहे. पावसात पुस्तक कुठं धरायचं ते मला माहीत होतं.

स्लॅब वाळल्यावर आबांची मंडळी, सोनाकाकू, संध्याकाळी वर जाऊन पाय पसरून बसल्या. तिथून ओरडून म्हणाल्या, "अगं बया, हितनं समदा कालवा दिसतोय की." पुढं कितीतरी दिवस येईल त्या बाईला त्या वर नेऊन कालवा दाखवायच्या. कालवा रोज पाणी भरायच्या वाटेवरच होता, पण तो वरून बघायची चैन नवीन होती. याच काकूंनी कॉलेजला जाताना माझी सायकल अडवून कितीदा हातावर गुळाचा खडा ठेवला आहे. आणि मी पास झालो तेव्हा विहारात माझा सत्कार केला तो आबांनी. हार घातला आणि म्हणाले, "आता ह्यो पोरगा आपल्याला नवं काय ते सांगंल."

हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी त्यांना जे सांगितलं ते त्यांना नवं वाटलं नाही.

लोडशेडिंगची ती वर्षं. दिवसाचे निम्मे तास वीज नसायची, आणि दुपारी तर धरून चाला की नाहीच. त्या वर्षी संक्रांतीनंतर काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिले डोळे आणि डावा हात. चैत्र लागला तशी आबांची सून कमल एक दिवस माझ्या गाळ्यावर आली. उन्हातून चालत आली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "भाऊ, आत्याबाई भाजत्यात वो. ह्यांनी कूलर आणून ठेवलाय, पर त्याला फिरवायला लाईट कुठाय? मी पुठ्ठ्यानं वारा घालते. हात दुखला की थांबते, मी थांबले की त्या डोळं उघडत्यात. तुमी आबांना सांगा. माझं नाय ऐकायचे."

मी गेलो. आबांनी "जयभीम, या थर्मामीटर," म्हणून खुर्ची दिली. काकू आतल्या खोलीत खाटेवर होत्या. खोली पश्चिमेची. मी स्टुलावर चढून छताला तळहात लावला आणि लगेच काढला. काकूंनी मला ओळखलं. डावा हात हळूहळू वर केला आणि एक बोट स्लॅबकडे दाखवलं.

आबांचा चेहरा उजळला. "बघ, दावतीये तुला. स्लॅब. अजून अभिमान हाय तिला."

कमल दारात उभी होती.  मला बाहेर सोडायला आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "दिवसाकाठी धा येळा बोट दावत्यात, भाऊ. ऊन दावत्यात त्या."

मी परत आत गेलो. आबांना म्हटलं, उपाय सोपा आहे, फुकटाचा आहे आणि आजच होण्यासारखा आहे. कालव्यापलीकडच्या सुदामतात्यांच्या रानात ऊस तुटलाय. पाचट पडलंय, दोन दिवसांत ते पेटवायला घेतील. चार गाड्या आणू, स्लॅबवर जाड थर घालू, वरून शेणकाला शिंपडू म्हणजे उडणार नाही आणि ठिणगीचीही भीती राहणार नाही. काकूंची खोली रात्रीपासूनच निवायला लागेल.

आबांनी आधी वर छताकडं बघितलं. मग अगदी सावकाश म्हणाले, "पाचट?"

"हो, आबा."

"माझ्या घरावर?"

"उन्हाळ्यापुरतं. पाऊस आला की काढून टाकू."

"माझा बाप पाचटाखाली जन्मला आन पाचटाखालीच मेला. ते पाचट आणायला मी त्याच्या मागनं जायाचो. बांधावर उभं राहून मागायला लागायचं, मालक, पेटवायच्या आधी चार पेंढ्या न्हेऊ का. तवा सुदामचा बाप म्हनायचा, न्ह्या, पर आधी बांध साफ करून द्या." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बीएस्सी झालास तवा हार मी घातला व्हता. का घातला व्हता रं? तू मला पाचट सांगाया येशील म्हनून?"

मी मान खाली घातली. त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. मीही त्याच पाचटाखालचा. पहिला पगार आल्यावर मीदेखील आधी छप्पर बदललं होतं, आणि ते उतरवलेलं पाचट गल्लीतनं नेताना लोक बघताहेत ना, हेही बघितलं होतं. पण आत काकू होत्या आणि त्यांच्या बोटाला दुसरं काही दाखवता येत नव्हतं.

"आत्याबाईंना अंगणात घेऊ," कमल मध्येच म्हणाली. "कडुनिंबाखाली खाट टाकू."

आबा तिच्यावर ओरडले नाहीत. "जित्या माणसाला घरातनं अंगणात काढतीस, कमल? लोकं गोळा व्हतील. अंगणात कवा काढत्यात म्हाईत न्हाई तुला?"

आमच्याकडं माणूस गेलं की त्याला बाहेर अंगणात घेतात. धर्म बदलला तरी ती रीत, ती भीती अंगातून गेलेली नाही. कमल पुठ्ठा उचलून काकूंपाशी जाऊन बसली.

मग मी दुसऱ्या बाजूनं गेलो. म्हटलं, स्लॅब पांढरी करू. चुना धरून राहावा म्हणून त्यात चिकट सरस कालवून दोन हात मारू. पांढऱ्यावरून ऊन परत फिरतं. याला आबा लगेच तयार झाले. बंगल्यांच्या गच्च्या पांढऱ्या असतात हे त्यांनी पुण्यात पाहिलं होतं. मी आणि कमलच्या नवऱ्यानं, संजयनं, सकाळच्या गारव्यात चुना मारला. कमलनं पश्चिमेच्या खिडकीला ओलं बारदान लावलं. फरक पडला. छताला हात लावून ठेवता येऊ लागला. आबा खुर्ची घेऊन रस्त्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "पोरानं सायन्स लावलंय वर."

पण चुन्यानं होतं ते तेवढंच. वैशाखाचं ऊन वेगळं. वस्तीतल्या धुळीनं पांढऱ्याचं राखाडी झालं, आणि एका दुपारी वळीव येऊन गेला त्यानं कडेकडेचा चुना धुऊन नेला. वळवानंतर हवा कोंदली आणि खोलीत ती आणखी जड झाली. कमल संध्याकाळी वर बादल्या नेऊन ओतायची, तेही पाणी ती लांबून आणायची. मी गेलो की काकू बोट वर करायच्या. मग बोटही पुरतं वर जाईना.

एका दुपारी मी काकूंपाशी बसलो होतो. वीज गेलेली. आबा पुठ्ठ्यानं वारा घालत होते, कमलला त्यांनी बळेच निजायला पाठवलं होतं. एकदम म्हणाले, "विलास, पाचट सोडून दुसरं काय न्हाई का रं? तूच सांग. तू शिकलाय."

नारायणगावच्या बाजूला तेव्हा ढोबळी मिरचीवर हिरव्या जाळीची शेडनेट उभारत होते. ते मला त्या क्षणी दिसलं. म्हटलं, आबा, बांबू उभे करून स्लॅबवर शेडनेट ताणू. खाली वारा खेळता राहील, वर सावली. बागाईतदार वापरतात.

"बागाईतदार वापरत्यात?"

"मोठमोठे."

"मंग आण," ते म्हणाले. "आजच जा."

मी गेलो. ज्याच्याकडं जाळी मिळायची त्याच्याकडं हवी ती रुंदी नव्हती. त्यानं उद्या देतो म्हटलं. मी तिथंच ओळखीच्या घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी जाळीची गुंडाळी टेम्पोत टाकून वस्तीच्या वळणावर आलो, तर आबांच्या अंगणात माणसं. अंगणात कडुनिंबाखाली काकूंना काढलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. तो उन्हानं आला असं मी म्हणणार नाही. ते मला ठरवता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते मी सांगत नाही. पण त्यांचे शेवटचे दिवस कुठं गेले, ते मला माहीत आहे. माझा तळहात त्या छताला लागला होता.

जलदान विधीला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, माणसं बरीच येणार होती, आणि अंगणात ऊन मी म्हणत होतं. मांडव घालायचं ठरलं. कापडाचा मांडव त्या दिवशी मिळेना, लग्नसराई होती; आणि मी आणलेली जाळी एका खोलीपुरतीच होती. वस्तीतली पोरं कुणाला न विचारता कालव्यापलीकडं गेली. सुदामतात्यांचं निम्मं पाचट अजून पेटवायचं राहिलं होतं. तात्यांनी ते स्वतःच्या ट्रॅक्टरनं पाठवलं आणि मागनं स्वतःही आले, डोक्यावरचा टॉवेल काढून दाराशी उभे राहिले. तासाभरात बांबू उभे राहिले, वर पाचटाचा जाड थर पडला. मी ते बघत होतो. मला आबांकडं बघवेना.

विधी झाला, वंदना झाली, माणसं जेवली आणि पांगली. आबा मांडवात मधोमध बसून राहिले. मी जवळ जाऊन बसलो. दुपार टळायची होती. बाहेर रस्त्यावर पाय ठेवता येत नव्हता, आणि मांडवात कालव्याकडून आलेला वारा पाचटाखालून सरसरत जात होता. दोनतीन लहान पोरं तिथंच मातीत झोपली होती.

आबांनी वर बघितलं. हात वर करून पाचटाच्या एका पानाला बोट लावलं.

"गार हाय रं हितं," ते म्हणाले.

मीही वर हात करून पाचटाला तळहात लावला.

"तुझं ते यंत्र आणलंयस का?"

गळ्यातच होतं. त्यांनी खूण केली तसं मी ते मांडवाच्या बांबूला टांगलं. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. पारा खाली आला आणि एका जागी थांबला. मी आकडा सांगितला.

आबांनी घराकडं, त्या खोलीच्या खिडकीकडं बघितलं. बारदान तिथं अजून लटकत होतं, वाळलेलं.

"आन तिच्या खोलीत किती दावायचं?"

"आबा, नका विचारू."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. डोक्याचा पटका सोडला आणि तोंडावर घेतला. कमल चहा घेऊन आली, ठेवून गेली. चहा तसाच निवला.

दोन दिवसांनी मांडव सोडायला पोरं आली. पाचट ओढून अंगणाच्या कडेला ढीग केला आणि एकानं काडी शोधली. आबा खुर्चीतून उठले. "पेटवू नगा. वर चढवा."

"वर कुठं?" संजयनं विचारलं.

"स्लॅबवर."

संजयला ते झेपलं नाही. "आता कुणासाठी, आबा?"

"खाली माणसं राहत्यात न्हवं?" ते म्हणाले. "कमल ह्याच स्लॅबखाली भाकऱ्या भाजती. तिला काय ऊन लागत न्हाई?"

पोरांनी पाचट वर चढवलं. मी शेणकाला शिंपडला, बांबू आडवे टाकून दाबलं. कडेनं काम करता करता थांबून एकदा समोर बघितलं. तिथून समदा कालवा दिसत होता.

खाली उतरून मी सायकल काढली. शेडनेटची गुंडाळी आबांच्या पडवीत उभी होती ती तशीच राहू दिली. पुढं कधीतरी कमलनं तिच्याखाली मिरचीची रोपं केली. वळणावर थांबून मी मागं बघितलं. आमच्या वस्तीतली पहिली स्लॅब, आणि तिच्या डोक्यावर पाचट. माणसं येत-जात होती. कुणी वर बघत होतं, कुणी बघतही नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस मी मुद्दाम कान देऊन होतो. विहारात, पारावर, चहाच्या टपरीवर. आबांनी ज्याला भिऊन ते पाचट इतके दिवस अडवलं, ते कुणाच्या तोंडून येतंय का ऐकायला. कुणी हसलं नाही. कुणी एक अक्षरही बोललं नाही.